मुठीची परात

“आणि ही परात भिंतीवर कुणी टांगली?”

बुवांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या पायांवरची वाटेची धूळसुद्धा धुतलेली नव्हती. चातुर्मासभर ते घाटाखालच्या मठात होते. कार्तिकी झाली, तिकडची निरवानिरव झाली, आणि आज एक तारखेला ते परतले. ओसरीवर पाय ठेवला आणि देवाला हात जोडायच्या आधीच त्यांची नजर परातीवर गेली.

“मी टांगली, बुवा,” यतीन म्हणाला. “चांगली घासूनपुसून टांगली आहे.”

“घासलीस ते दिसतंय. टांगलीस का?”

“आता तिची गरज पडत नाही.”



परातीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कृष्णाकाठच्या या टेकावर मठ आहे आणि खाली वस्ती आहे. वस्तीत ज्यांना मागेपुढे कुणी नाही, अशांना मठ दर महिन्याला पोटापुरते पैसे देतो. एक तारखेला ती माणसं टेक चढून यायची. पण हात पुढे करायच्या आधी प्रत्येकाने घरून आणलेली एक मूठ या परातीत टाकायची. घरात असेल ते. कुणाचा जोंधळा, कुणाची कणी, एखादीची नुसती हरभऱ्याची डाळ. वहीत आधी मूठ जमा व्हायची आणि मगच पैसे नावे पडायचे. हा क्रम कधी कुणी मोडला नव्हता.

त्या मिसळीचं पीठ दळून भाकरी होई. तिला धड कसलीच चव नसे. तरी पहिली भाकरी बुवांच्या ताटात पडायची, आणि ते ती चवीने खायचे.

यतीन आला तो पुण्याहून. मोठ्या कंपनीत हिशेब बघायचा, तिथे जीव रमेना, म्हणून बुवांचा शिष्य व्हायला आला. पोरगा कामाला वाघ. आपण हुशार आहोत हे मात्र त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं. मठाची वही बघून त्याने कपाळाला हात लावला आणि आठवड्याभरात ऑफिसच्या खोलीत कॉम्प्युटर आला. इतर शिष्य दर शनिवारी झोळी घेऊन वस्तीत भिक्षेला जात. यतीनने त्यातून आपलं नाव काढून घेतलं होतं. माझं काम ऑफिसचं, म्हणाला.

बुवा चातुर्मासाला निघाले त्या दिवशी सकाळी त्याने त्यांना मोठ्या हौसेने पडद्यासमोर बसवलं होतं.

“एकदाच मांडायचं, बुवा. नाव, बँकेचं खातं, रक्कम, एक तारीख, दुपारचे बारा. याला रिकरिंग एंट्री म्हणतात. मग आपण झोपलो तरी पैसे जातात आणि नोंदही पडते.”

“झोपलो तरी?”

“तरी! यात दोन सोयी आहेत. एक म्हणजे ‘आधी विचारा’. दर वेळी ते आपल्याला विचारणार, आपण बघून हो म्हणणार, मग पैसे जाणार. दुसरी म्हणजे ‘आपोआप’.”

“तू कुठली घेतलीस?”

“आपोआप. दर महिन्याला हो म्हणत कोण बसणार?”

“आणि थांबायचं कधी?”

“शेवटची तारीख रिकामी सोडली की ते कायम चालू राहतं.”

बुवांनी मान डोलावली. मग विचारलं, “मूठ कुठं मांडतोस?”

यतीन हसला. “मुठीची किंमत काय धरायची, बुवा? कुणी तांदूळ आणतो, कुणी दोन मिरच्या. शून्य धरून पाहिली. पण शून्य रकमेची नोंद सेव्हच होत नाही. हे बघा, लाल पट्टी येते.”

“घेत नाही?”

“नाही. त्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं.”

बुवा त्या लाल पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. बाहेर गाडी उभी होती. “बरं,” म्हणाले, आणि उठले.

त्या ‘बरं’चा अर्थ यतीनने परवानगी असा घेतला. खरं सांगायचं तर कुणीही तसाच घेतला असता. बुवांनी तिथे नीट बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

तर आता बुवा ओसरीवर उभे होते.

“गोदाक्का आली होती?”

“पैसे गेले, बुवा. दर एक तारखेला, बाराच्या ठोक्याला. एकदाही चुकलं नाही.”

“मी पैशांचं नाही विचारलं.”

यतीनने परातीकडे पाहिलं.

“तू तिला शेवटचं कधी पाहिलंस?”

यतीनचा हात सवयीने मोबाईलकडे गेला. बुवा त्या हाताकडे बघत राहिले. हात खिशाशीच थांबला.

“आषाढात,” यतीन म्हणाला. “तुम्ही गेल्यावर एकदा आल्या होत्या.”

“मग?”

“मी सांगितलं, अक्का, आता या वयात टेक चढायची गरज नाही. तुम्हाला घरबसल्या मिळेल.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.”

 बुवांनी नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायांत घातल्या. खांद्यावरची प्रवासाची झोळीसुद्धा खाली ठेवली नाही.

“स्वयंपाकघरातून पेजेचा डबा घे.”

“आत्ता? बुवा, तुम्ही अजून पाणीसुद्धा घेतलं नाही...”

बुवा पायऱ्या उतरायला लागले होते.

गोदाक्का म्हणजे बापू लोहाराची बायको. बापू जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मठाच्या दाराची कडी, कोयंडे, स्वयंपाकघरातल्या चुलीच्या पट्ट्या, सगळं बापूच्या हातचं. वस्तीतलं अगदी शेवटचं घर तिचं. एक तारखेला परातीत पहिली मूठ पडायची ती तिची. पाऊस असो, ताप असो, तिच्या आधी कुणी टेकावर पोचल्याचं कुणाला आठवत नाही.

उतारावर यतीन बुवांच्या मागे धावत होता. डब्यातली पेज हिंदकळत होती.

“बुवा, काळजीचं कारण नाही. खात्यात काही अडचण असती तर पैसे परत आले असते. एकदाही परत आले नाहीत.”

बुवांनी मागे न बघता विचारलं, “मेलेल्या माणसानं पैसे परत पाठवल्याचं कधी ऐकलंयस?”

 मग मात्र यतीनची पावलं बुवांच्याही पुढे पडायला लागली.

घराचं दार बंद होतं. शेजारची शालन अंगणातच उभी होती, तिच्या हाताला शेण तसंच होतं. भिंतीला एक पहार टेकवलेली होती. बुवांना बघून तिने पदर सावरला.

“आलासा बुवा! परवापास्नं दार उघडलं न्हाई बगा अक्कांनी. काल आत भांडं वाजल्यालं आयकलं मी. आज सकाळधरनं कायबी आवाज न्हाई. पहार काढून ठेवलीया, पर दार मोडायचा धीर हुईना.”

“आजारी होती?”

“ताप हुता. आन् पोटात काय न्हाई. मी भाकरी दिली तर म्हनायच्या, माजं जेवान झालंय. कुटलं जेवान? चुलीचा धूर बगून किती दिस झालं.”

“मग मठात का नाही सांगितलंस?”

शालनने यतीनकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

“सांगाय आल्ते की. ह्यास्नीच इचारा. अक्का उपाशी ऱ्हात्यात, म्हनलं. ह्येंनी त्या पडद्यावर बगितलं आन् म्हनलं, समदं बरोबर हाय. हिरवी खूण हाय, म्हनलं.”

यतीनला आठवलं. त्याने पडदा तिच्याकडे वळवून ती हिरवी खूण तिला दाखवलीसुद्धा होती. तिला वाचता येत नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती हो हो करत निघून गेली होती, आणि त्याला आपलं काम चोख असल्याचा आनंद झाला होता. आता तो आनंद आठवून त्याला भडभडून आलं.

“डॉक्टरांना फोन लाव,” बुवा म्हणाले.

त्याने लावला. निघतो, अर्ध्या तासात पोचतो, असं डॉक्टर म्हणाले.

बुवांनी दारावर थाप मारली. “अक्का.”

आतून काही नाही.

“गोदाक्का, मी आलोय. बुवा.”

...

ऊन डोक्यावर आलं होतं. शालनची कोंबडी दारापाशी माती उकरत होती, तेवढाच काय तो आवाज.

यतीनने डबा खाली ठेवला आणि पहार उचलली. “बाजूला व्हा, बुवा. तोडतो.”

बुवांनी दारावर तळहात टेकला.  

“थांब.”

“बुवा, आत त्या...”

“जिवंत असेल तर हे दार तिचं आहे.”

“आणि नसेल तर?”

 बुवांनी डोळे मिटले.

तेवढ्यात घरात टिंग वाजलं.

अक्काच्या मोबाईलचा बारीकसा, गोड आवाज. त्याच वेळी यतीनच्या खिशात मोबाईल थरथरला. बारा वाजले होते. एक तारीख होती. त्याला मोबाईल काढून बघायची गरज नव्हती. काय लिहिलेलं असेल ते त्याला ठाऊक होतं. गोदाक्का लोहार, व्यवहार पूर्ण.

 इतका निर्लज्ज आवाज यतीनने जन्मात ऐकला नव्हता, आणि तो त्यानेच मांडून ठेवलेला होता. बाईचं काय झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि पैसे तेवढे वेळेवर पोचले होते.

“अक्का!” यतीन ओरडला. मठात कधी वरच्या पट्टीत न बोललेला पोरगा गळा फाडून ओरडला. “अक्का! ओ अक्का!”

...

ठण्.

लोखंडावर लोखंड. एकच ठोका, आणि तोही अगदी अशक्त. बापूची ऐरण अजून घरात होती आणि गोदाक्काची उशी तिच्याशेजारीच असायची, हे शालनला माहीत होतं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

“हाय! जित्ती हाय माजी बाय!”

बुवांनी यतीनच्या हातातली पहार काढून घेतली आणि होती तिथे भिंतीला टेकवून ठेवली. मग ते उंबऱ्याजवळ बसले. त्यांच्या दाढीत पाणी उतरलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

“अक्का, दार उघड.”

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. “कशाला?”

“पेज आणलीय.”

“न्या परत.”

“ताप आहे तुला.”

“आसू दे.” मग थोडं थांबून, “आन् त्ये पैसं बी न्या बुवा. टिंग करून वाजतंय आन् जीव खातंय. म्या हात लावला न्हाई त्याला. एक पै काढली न्हाई.”

यतीनला राहवलं नाही. तो दाराशी वाकला. “अक्का, का नाही काढले? तुमचेच आहेत ते. तुमच्या नावाचे आहेत.”

“कोन त्यो? हापिसातला व्हय?”

“हो. मी यतीन.”

“माजं कसं झालं रं त्ये पैसं?”



आतून धाप लागल्याचा आवाज येत होता. ती थांबत थांबत बोलत होती, आणि बाहेर तिघंही श्वास धरून ऐकत होती.

“आषाढात आल्ते मी. मूठ आणल्याली. परात कुटं हाय, म्हनलं. तर तू म्हनलास, आता यायची गरज न्हाई... लई ग्वाड बोललास. खुर्ची बी दिलीस बसाय. पर मूठ घेतली न्हाईस. मिटल्याली मूठ घिऊन मी टेक उतरले. वाटंत चार जनींनी इचारलं, अक्का, मुठीत काय गं? काय सांगू मी त्यास्नी?”

“अक्का, मला वाटलं तुमचे श्रम वाचतील...”

“आमच्या मालकानं ह्या मठाचा खिळा अन् खिळा घडवला. मजुरी घेतली, फुकाचं पानी बी पिलं न्हाई. मी मूठ टाकायची आन् मग हात म्होरं करायची. देनं झालं, घेनं झालं. तू माजी मूठ बंद केलीस. मग ती भीकच झाली की रं. लोहाराच्या बायकूनं भीक खायाची व्हय?”

धाप वाढली. पुढचं बोलणं ऐकू आलं नाही.

शालन कळवळून म्हणाली, “अक्का, जीव जाईल गं! दार उघडा, पाया पडते.”

आतून काही नाही.

यतीन बुवांकडे वळला.  “बुवा, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील त्या.”

“मी तिची मूठ परत पाठवली नाही.”

“मग मी काय करू?”

बुवांनी खांद्यावरची झोळी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

“माग.”

“काय मागू?”

“मागायला कधी गेला नाहीस, म्हणून विचारतोयस.”

यतीनने झोळी हातात घेतली. चार महिने घाटाखाली फिरून ती मळलेली होती. ती कशी धरतात हे त्याने पाहिलेलं होतं, पण हातांना ते माहीत नव्हतं. तो उंबऱ्यापाशी गुडघ्यावर बसला आणि झोळी पसरली.

“अक्का, झालं ते माझ्या अज्ञानामुळे झालं. तुमचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, माझा हेतू...”

“हे सांगणं झालं,” बुवा म्हणाले. “माग.”

यतीनने झोळी पुढे सरकवली. “अक्का, मूठ द्या. मठाला मूठ द्या.”

“मठ काय उपाशी हाय?” आतून आलं.

त्यावर काय बोलावं? मठात धान्याची पोती होती. यतीननेच त्यांची यादी केली होती. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा कोंबडीकडे बघत होते.

“मठ नाही, अक्का,” यतीन म्हणाला.  “मी मागतोय. परात मी भिंतीवर टांगली. आता ती माझ्या हातानं खाली काढायची मला लाज वाटते. तुमची मूठ पडल्याशिवाय ती खाली यायची नाही. मला द्या.”

...

...

वेळ गेला. किती ते कुणी मोजलं नाही. शालन पदराचं टोक दातात धरून उभी होती. यतीनचे पसरलेले हात भरून आले, तरी त्याने ते खाली घेतले नाहीत.  

आत काहीतरी सरकलं. भांडं पडल्याचा आवाज झाला. मग भिंतीला धरून कुणीतरी चालत आल्यासारखं, एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं.

कडी निघाली. बापूच्याच हातची होती, ती करकरली नाही.

दार उघडलं. गोदाक्का चौकटीला टेकून उभी होती. डोळे खोल गेले होते, हाडांवर लुगडं तेवढं उरलं होतं. शालन पुढे धावली तशी तिने डाव्या हाताने तिला अडवलं. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती.

ती यतीनकडे बघत राहिली. रागाने नाही, पण प्रेमानेही नाही.

“दाणा न्हाई घरात,” ती म्हणाली. “कणगी परवाच झाडली.”

यतीनने बुवांकडे पाहिलं नाही. त्याने झोळी थोडी वर उचलली, तिच्या हाताखाली धरली.

गोदाक्काने हात पुढे केला. मूठ उलटी केली आणि सावकाश उघडली, एकेक बोट करत, दर महिन्याला परातीवर उघडायची तशी.

झोळीत काही पडलं नाही.

“जमा,” बुवा मोठ्याने म्हणाले.

ते ऐकलं आणि गोदाक्काच्या पायांतलं बळ गेलं. बुवांनी आणि शालनने तिला धरून खाली बसवलं. यतीनने डबा उघडला. झाकण घाईने काढताना निम्मी पेज त्याच्याच अंगावर सांडली. शालनने उरलेली वाटीत घेतली आणि तिच्या ओठाला लावली.

गोदाक्काने पहिला घोट घेतला. मग दुसरा. मग वाटी स्वतःच्या हातात घेतली.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

शालन रडता रडता हसली.

डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, चार शब्द रागाने बोलले आणि तिथेच खाटेवर सलाईन लावलं. ताप उतरेल, म्हणाले, पण आता आठ दिवस कुणीतरी जवळ राहायला हवं. शालन म्हणाली, मी हाय की.

यतीन अंगणात आला. मोबाईल काढून कोपऱ्यात उभा राहिला. गोदाक्काच्या नावापुढचं ‘आपोआप’ त्याने काढलं आणि ‘आधी विचारा’ केलं. मग त्याच्या खालच्या नावाचं. मग त्याच्या खालच्या. काही नावांपुढे तो थांबत होता. ती माणसं डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होता आणि सगळीच येत नव्हती. ते त्याला फार लागलं.

शेवटी त्याने नवी नोंद उघडली. गोदाक्का लोहार. मूठ. जमा. रकमेच्या जागी बोट अडलं. शून्य टाकलं. लाल पट्टी आली.

बुवा बाहेर आले तेव्हा तो तसाच उभा होता.

“बुवा...”

“हं.”

“तुम्ही जमा म्हणालात. मी काय लिहू? हे शून्य घेत नाही.”

बुवांनी मोबाईलकडे पाहिलं नाही. उंबऱ्यावर झोळी राहिली होती. ते वाकले, ती उचलली आणि त्याच्याकडे दिली. यतीनने ती घेतली. रिकामं कापड ते. टेक चढायला हात मोकळे असावेत म्हणून त्याने त्याची घडी केली आणि काखेत मारायला गेला.

“दोन्ही हातांनी धर,” बुवा म्हणाले. “सांडशील.”